पुढची चाकं

मंडळीच्या जुन्या गाडीतून आम्ही दर रविवारी वृद्धांना उपासनेला आणतो. नाताळापूर्वी तिची अलॉय चाकं धुवायला घेतली. पुढच्या चाकांवर ब्रेकची काळी भुकटी जास्त होती. गाडी थांबवण्याचा अधिक भार त्यांच्यावरच. घाईत एकावर फरशीचं अ‍ॅसिड ओतलं, तर पांढरे चट्टे उठले. दुसरं साबणाच्या पाण्यानं, मऊ ब्रशनं हळूहळू घासलं, ते उजळलं.

तेव्हा तो भाऊ आठवला. उपासनेला उशीर झाला म्हणून आम्ही त्याला चारचौघांत बोललो होतो. घरी आई अंथरुणाला खिळलेली, हे नंतर कळलं. भार वाहणाऱ्यावरच आम्ही अ‍ॅसिड ओतलं होतं. संध्याकाळी त्याच्या दारी जाऊन क्षमा मागितली. तो अजून आलेला नाही. चट्टेही गेलेले नाहीत. प्रभू, आमची जीभ मऊ कर. आमेन.