कनौजच्या गल्लीतील एक संध्याकाळ

लष्करातील आमच्या जुन्या घरी, देवघराशेजारच्या कोनाड्यात, वडिलांची एक काचेची कुपी आहे. तीत कित्येक वर्षांत थेंबही नाही. तथापि बूच काढले की अण्णा नुकतेच खोलीतून गेले असावेत असे वाटते. सणासुदीला ते मजमुआ अत्तराचा फाया कानात ठेवीत. त्यांच्यामागे आम्ही त्याच नावाच्या कुप्या अनेकदा आणल्या. परंतु तो वास जेवणाची पाने मांडून होईपर्यंतही टिकत नसे. अखेर गेल्या फाल्गुनात ती रिकामी कुपी रुमालात बांधून आम्ही उभयता ग्वाल्हेरहून इटाव्यामार्गे कनौजला गेलो.

सातव्या शतकात हर्षवर्धनाची राजधानी असलेले, ह्युएन त्संगाने पाहिलेले हे नगर आज अरुंद गल्ल्यांचे साधे गाव आहे. एका कारखान्यात गुलाबाची भट्टी लागली होती. तांब्याच्या मोठ्या 'देगे'त फुले व पाणी, झाकणाभोवती मातीचा लेप, खाली मंद आच. देगेतील वाफ बांबूच्या नळीतून पाण्याच्या हौदात ठेवलेल्या 'भपक्या'त उतरते. भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते. ते फुलांचा गंध शोषून घेते आणि तळाशी साचलेले पाणी मागाहून काढून टाकतात. आचेवर यंत्र नाही, कारागिराचा हात आहे.

मजमुआ म्हणजे मेळ: केवडा, खस, कदंब आणि भाजलेल्या मातीचे अत्तर यांचा. वृद्ध दुकानदारांनी आमची कुपी हुंगली, डोळे मिटले आणि म्हणाले, "यात चंदन होते." मग आमच्या दोन्ही मनगटांवर दोन निरनिराळ्या कुप्यांतील मजमुआ लावून त्यांनी बजावले, "आत्ता काही बोलू नका. तासाभराने बोला."

प्रथम दोन्हींकडून केवडाच उसळला. पिकल्या फळासारखा गोड, किंचित मधाळ. खरे सांगायचे तर उजवे मनगटच अधिक घमघमत होते. अर्ध्या तासाने डाव्या हातावरची गोडी ओसरून खसाच्या मुळांचा हिरवा गारवा आला, त्यामागून पहिल्या पावसाची माती. उजव्या हातावर मात्र तेलकट चकाकीखेरीज फारसे काही उरले नव्हते.

दुकानदारांनी उलगडा केला. अंगाच्या उबेने हलके गंध आधी उडतात; चंदनाचे तेल जड, ते सावकाश उडते आणि इतरांनाही धरून ठेवते. उजव्या हातावरच्या अत्तरात चंदनाऐवजी पॅराफिन होते. "चंदन इतके महागले आहे, की बहुतेक गिऱ्हाइकांना हेच परवडते," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती, खंत होती. उठता उठता ते एवढेच म्हणाले, "एकच अत्तर दोन माणसांच्या अंगावर सारखे लागत नाही, हेही ध्यानात ठेवा."

रात्री धर्मशाळेत डाव्या मनगटावर निव्वळ चंदन राहिले होते. कोरड्या लाकडाचे, दुधाळ, शांत. आमच्या सौभाग्यवतींनी हात नाकाशी नेला. "अहो, मामंजींचेच आहे हे," त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून, "पण तुमच्या अंगावर थोडे निराळे लागते." आम्हांला वाईट वाटले, हे कबूल केले पाहिजे. इतक्या दूर येऊनही अण्णा आमच्या मनगटापर्यंत पुरते आले नव्हते.

सकाळी चंदनाचे अर्धा तोळा घेतले. त्याची किंमत येथे सांगत नाही, आईने हा अंक वाचला तर रागावेल.

पाडव्याला गुढी उभारल्यावर चिरंजीवांच्या हाताच्या पाठीवर ते लावले. तिसऱ्या प्रहरी तो आजीला औषध द्यायला गेला. आईने औषध बाजूला ठेवून त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाली, "आज एवढा हात धुऊ नकोस रे."