थेंबांचा हिशेब

भिलाईच्या कारखान्यात मी तेहतीस वर्षं पंपांचा फिटर होतो. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. आमचं पाणी तांदुळा धरणाचं, कालव्याने मरोद्याच्या तलावात येणारं. भिलाईच्या प्लेट मिलमध्ये जहाजांचं पोलाद लाटलं जातं, 2022 मध्ये नौदलात दाखल झालेल्या विक्रांत या विमानवाहू नौकेतही ते आहे. माझं बोटीशी नातं जडलं ते मात्र करंगळीएवढ्या दोरीमुळे.

चरबी आणि ग्रेफाइट मुरवलेली ती चौकोनी विणीची दोरी. भिलाईत आम्ही तिला डोरीच म्हणायचो. पंपाचा शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे तिच्या कड्या ठासायच्या आणि वरून ग्लँडचं झाकण नटांनी आवळायचं. नवीन होतो तेव्हा थेंब गळताना दिसले की माझा हात पान्याकडे जायचा. उस्ताद मनगट धरायचे, “टपकने दे बेटा, उसी से ठंडा रहता है.” थेंब थांबला की दोरी जळते आणि शाफ्टला खाते.

निवृत्तीनंतर मी हिवाळ्यात कोकणात हर्णैला जातो. मामेभावाची लाकडी ट्रॉलर आहे. एकदा सुवर्णदुर्ग किल्ला मागे पडला की आठ दिवस तीच घर. इंजिनामागून पंख्याचा शाफ्ट बुडातून पाण्यात जातो, आणि तिथेही तीच डोरी! बाहेर समुद्र, आत आमची अंथरुणं; मध्ये चार-पाच कड्या.

पहिल्याच वर्षी चुकलो. इंजिन चालू असताना मिनिटाला तीसेक थेंब पडत होते. कारखान्यात मी तिकडे पाहिलंही नसतं. पण तिथे पाळी संपली की आपण घरी जातो. इथे थेंब उशाशी पडत होता. रात्री उठून ग्लँडचे दोन्ही नट दीड-दीड फेरा आवळले. आवाज थांबला, झोप लागली. पहाटे जळक्या चरबीचा वास आला. ग्लँडला हात लावता येईना. तांडेलाने इंजिन मंद केलं, मी नट थोडे थोडे सैल केले, पाणी आत येऊ दिलं. तापल्या शाफ्टवर एकदम गार पाणी ओतायचं नसतं. परतीच्या वाटेवर धार चालूच होती आणि बुडातलं पाणी उपसायचा पंपही. खलाशी काही बोलले नाहीत. ते न बोलणं मला अजून लागतं.

किनाऱ्यावर मिस्त्री होते, पण कड्या बदलायचं काम मलाच करायचं होतं. गोव्यात दिवाडीला बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून नौदलाचे दिलीप दोंदे 2009-10 मध्ये नऊ महिने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. ‘आवाज आला तर बघू’ असं त्यांना म्हणताच येत नसणार. ज्याला रात्री तिथेच झोपायचं आहे त्याच्या हाताला वेगळी भीती असते, आणि ती चांगली भीती आहे असं मला वाटतं.

ओहोटीला बोट वाळूवर टेकली. भरतीच्या आत काम उरकायचं होतं. जुन्या कड्या उपसायला मी सळईच्या टोकाला लाकडात बसवायचा स्क्रू जोडलेला आकडा भिलाईहून नेला होता. वरच्या कड्या निघाल्या. सगळ्यात आतली दगड झाली होती. तिच्यावरच नवी ठासून वेळ मारून नेणारे पुष्कळ. मला ते मान्य नाही. मामेभाऊ पाण्याकडे बघत म्हणाला, “दादा, राहू दे आता.” मी राहू दिली नाही. आणखी वीस मिनिटं गेली, पण तुकड्यातुकड्यांनी निघाली. शाफ्टवरून नख फिरवलं. बारीक चर लागली. ती पॉलिश पेपरने काढली. नव्या कड्या शाफ्टएवढ्याच जाडीच्या नळीवर गुंडाळून तिरक्या कापल्या, एकीचा सांधा दुसरीच्या सांध्यावर येऊ दिला नाही. नट नुसत्या बोटांनी फिरवले, पाना लावलाच नाही.

पाणी चढलं, बोट हलली. इंजिन चालू केल्यावर मी टॉर्च धरून वाकलो. आधी धार आली. पाव फेरा या नटाला, पाव त्या नटाला, मग दहा मिनिटं थांबायचं. तिसऱ्या खेपेला धार तुटली. थेंब मोजले: मिनिटाला आठ. ग्लँडवर तळहात ठेवला, तो ठेवता आला.

त्या रात्री समुद्रात मी आवाज ऐकत पडलो होतो. वरच्या बंकवरून मामेभावाने विचारलं, “किती?” मी म्हटलं, “आठच.” तो कूस बदलून झोपला.

जानेवारीत पुन्हा जायचं आहे. भिलाईच्या पावर हाउस भागातल्या बाजारातून दोन मीटर डोरी आणून ठेवली आहे.