पौषातल्या सकाळी सेल्फ मारताना

हैदराबादेत थंडी पडते, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना कधी खरं वाटलं नाही. पण समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच असलेल्या या पठारावर नाताळ ते संक्रांत पहाटेचा पारा 13-14 अंशांवर येतो, एखाद्या वर्षी 10च्याही खाली जातो. नामपल्लीला नुमाइश, म्हणजे मोठं प्रदर्शन, भरलेलं असायचं, ते हेच दिवस. रात्री तिथून हात चोळत परतायचं आणि सकाळी सगळ्या घराला एकच काळजी: गाडी उचलेल ना?

काचीगुडा, बडी चावडी, इसामिया बाजार, बरकतपुरा या भागांतल्या आम्हा मराठी घरांत सत्तर-ऐंशीच्या दशकांत गाड्या मोजक्या होत्या. कोणी डॉक्टर, कोणी वकील, कोणी रेल्वेत. नवी गाडी नोंदवली की वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, म्हणून बहुतेकांनी जुनीच घेतलेली. कुर्ल्याची 1089 सीसीची फियाट, नाहीतर उत्तरपाड्याची 1489 सीसीची अँबॅसिडर. गॅरेज कोणाकडे नव्हतं. अंगणात कडुलिंबाखाली, अंगावर ताडपत्री घेऊन गाडी रात्रभर गारठायची.

सकाळी दादा चोक पूर्ण ओढायचे, अ‍ॅक्सिलरेटर दोनदा दाबायचे आणि क्लच पायाखाली घट्ट धरायचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या घट्ट झालेल्या तेलाचा भार तरी सेल्फवर पडू नये. मग आत हाक जायची, "अरे, नळ बंद करा, सेल्फ मारतोय!" रेडिओ बारीक व्हायचा. आजी जप थांबवायची. गाडी चालवणारा एक होता, ऐकणारे सगळे होतो.

नुसतं 'कट्' वाजलं आणि पुढे काही नाही, तर कामाला लागायचो आम्ही मुलं. विवेकवर्धिनी शाळेचं दप्तर पाठीवर तसंच ठेवून एकाने गाडीसमोर उभं राहायचं आणि दादांनी सेल्फ मारताच हेडलाइटचं काय होतं ते ओरडून सांगायचं. दिवे एकदम मंदावले तर दोष बॅटरीत किंवा तिच्या टर्मिनलांत. दिवे लख्ख राहिले तर वीज सेल्फच्या मोटरपर्यंत पोचतच नाही, तिथे घरचा इलाज चालणार नाही. टर्मिनलांवर निळसर-पांढरी भुकटी साचलेली असायची. त्यावर आईच्या बंबातलं कढत पाणी पडायचं, पॉलिश पेपरने घासायचं, जोडून वर व्हॅसलिनचा हात फिरवायचा. निम्म्या वेळा गाडी एवढ्यावर सुरू व्हायची. त्याच पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं कार्बोरेटरभोवती गुंडाळायची पद्धतही होती, कारण थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही. आंघोळीचं पाणी कमी पडलं म्हणून त्या सकाळी कोणी कुरकुरत नसे.

'घुर्र... घुर्र...' असा दमलेला आवाज आला तर थंडीचे दोन घाव एकदम बसलेत असं समजायचं. इंजिनातलं तेल घट्ट झालेलं, म्हणजे ओढायला जास्त जोर हवा, आणि नेमकी तेव्हाच बॅटरी कमी जोर देते. तेव्हा अँबॅसिडरवाल्या काकांकडे हँडल निघायचं. ते मारण्याआधी घरातल्या प्रत्येक तरुणाला बजावलं जाई, "अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, दांड्याला वेढा घालू नकोस." इंजिन उलटं फिरलं तर अंगठा नाहीतर मनगट जायचं. 1912च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने विजेचा सेल्फ बसवला, त्यामागे हाच धोका होता.

कर्कश 'खर्रर' ऐकलं की दादा लगेच किल्ली सोडायचे. सेल्फची छोटी दातेरी चक्री फ्लायव्हीलच्या दात्यांत बसत नाहीये. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुधा ठरावीक जागांवरच थांबतं, म्हणून दाते तिथेच झिजतात. अशा वेळी गाडी गिअरमध्ये टाकून आम्ही सगळे मिळून तिला जरा पुढे-मागे हलवायचो. दाते सरकले की काम व्हायचं. पक्का इलाज मात्र उस्तादकडेच, म्हणजे आमच्या मेकॅनिककडे.

उस्ताद मोठा स्क्रू ड्रायव्हर इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. वरून, व्हॉल्व्हच्या झाकणावर. बाजूने, पाण्याच्या पंपावर. मग खाली. तो काय ऐकतो ते आम्हालाही ऐकायचं असायचं. त्याने कधी नाही म्हटलं नाही, उलट मूठ आमच्या कानाला लावून विचारायचा, "क्या बोल रई?" टापेटची टिकटिक आम्ही अशीच ओळखायला शिकलो. शाळेत कोणी शिकवलं नाही इतक्या मायेने त्याने ते शिकवलं. टिकटिकीला तो घाबरत नसे. "थोडा बजने देओ साब, चुप हो गया तो वाल्व जल जाता." फट अगदीच नाहीशी झाली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो, हे यंत्रशास्त्र त्याने एका वाक्यात सांगितलं होतं. आवाज खालून, जड 'ठक्-ठक्' असा आला, आणि तेलाचा लाल दिवा विझायला वेळ लागला, तर तोच माणूस गंभीर व्हायचा. "ऊपर का आवाज है तो चाय पीके देखेंगे. नीचे का है तो अब्बीच बंद करो."

घरात सगळ्यात तयार कान आईचा होता, असं आता वाटतं. ती गाडी कधी चालवायची नाही, पण स्वयंपाकघरातून रोज ऐकायची. "आज वेगळं वाजलं," एवढंच म्हणायची. कसं वेगळं, हे तिला सांगता यायचं नाही. दोन-चार दिवसांत पट्टा तरी तुटायचा, नाहीतर पाण्याचा पंप गळायचा. चालवणाऱ्याच्या कानाला आवाजाची सवय होते. दुरून रोज ऐकणाऱ्याला फरक चटकन कळतो. हे मी तिच्याकडून शिकलो आणि त्याचा उपयोग पुढे गाडीपलीकडेही झाला.

तुळजापूरला निघायचं तर पहाटे चारची वेळ ठरलेली. सोलापूर रस्त्याला लागेपर्यंत दादा बोलत नसत, इंजिन ऐकत असत. काचीगुड्याहून निघताना येणारी पोकळ खटखट अमीरपेठेपर्यंत विरली तर निश्चिंत व्हायचं: थंडीत ॲल्युमिनियमचा पिस्टन आक्रसून सिलिंडरमध्ये सैल झालेला असतो, तापला की फुगून नीट बसतो. उलट गरम झाल्यावर खटखट वाढली तर तुळजापूर पुढच्या महिन्यावर. असं एकदा खरंच झालं. देवीची ओटी घेऊन आम्ही पटणचेरूहून परत फिरलो, आणि कोणी दादांना बोल लावला नाही.

1983च्या डिसेंबरात मारुती आली, हळूहळू आमच्या गल्लीतही. तिच्या 796 सीसीच्या तीन सिलिंडरांची थरथर ऐकून थोरले म्हणायचे, एक सिलिंडर बंद आहे, दाखवून आण. तो तिचा मूळचाच ताल आहे हे त्यांच्या कानाला पटायला वेळ लागला.

गेल्या हिवाळ्यात शिकागोहून चुलतभावाच्या मुलाने घरच्या ग्रुपवर आवाज पाठवला. उणे 15मध्ये गाडी सुरू करताच दोन सेकंद खडखड, मग शांत. कॉम्प्युटर दोष दाखवत नव्हता. अँबॅसिडरवाल्या काकांनी, वय नव्वदीकडे झुकलेलं, तो आवाज तीनदा लावून ऐकला आणि प्रश्न विचारले. गरम असताना येतो का? नाही. रात्रभर उभी राहिल्यावरच येतो? हो. तेल कधी बदललं? फिल्टर कुठला टाकला? स्वस्तातला निघाला. काका म्हणाले, रात्री तेल खाली उतरून जातंय, वर पोचेपर्यंत कोरडं वाजतंय, आधी फिल्टर बदल. तेल परत उतरू न देणारी झडप फिल्टरमध्ये असते, हे मुलाने मग वाचून काढलं. फिल्टर बदलला, खडखड गेली. काकांनी लगेच दुसरा निरोप धाडला: आता तेलही त्या थंडीच्या मापाचं, पातळ घाल, आणि उद्या सकाळचा आवाज पाठव.