सैमूर बंदरातला मसूदी

सकाळी बेलापूर सोडले की पळस्पे फाट्यापर्यंत न्हावा-शेव्याकडे ये-जा करणारे कंटेनरचे ट्रेलर पाठ सोडत नाहीत. पेण, वडखळ मागे पडते, कार्लेखिंड ओलांडली की वाऱ्याला समुद्राचा वास येतो. अलिबागच्या पुढे नागाव, आणि मग नारळी-पोफळीच्या दाट वाड्यांत शिरलेला रस्ता चौलला पोचतो. रामेश्वराच्या देवळापुढच्या पुष्करणीच्या पायऱ्यांवर बसले असता इथे कधी मोठे बंदर होते हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

अरब खलाशी या बंदराला सैमूर म्हणत. हिजरी ३०४, म्हणजे इ.स. ९१६-१७ मध्ये बगदादचा अबुल हसन अली अल-मसूदी इथे आला. उत्तर कोकणात तेव्हा शिलाहार राजा झंझ होता आणि त्याच्यावर राष्ट्रकूटांची सत्ता होती. सैमुरात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे मसूदीने लिहून ठेवले आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले व्यापारी आणि त्यांची इथेच जन्मलेली मुले. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाच नेमत असे.

याच हिजरी वर्षी मसूदी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या कनबलू बेटावरून ओमानला परतला. कनबलू म्हणजे बहुधा आजच्या टांझानियातले पेंबा. सिराफच्या ज्या दोघा भावांच्या जहाजातून तो आला, ते पुढे त्याच समुद्रात जहाजासकट बुडाले. अनेक समुद्र हिंडलेल्या या माणसाने झंजांच्या, म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या काळ्या लोकांच्या, समुद्राइतका धोक्याचा दुसरा पाहिला नव्हता.

बगदादला झंज ठाऊक होते ते गुलाम म्हणून, आणि ८६९ ते ८८३ पर्यंत बसऱ्याच्या परिसरात पेटलेल्या त्यांच्या बंडामुळे. मसूदीचा जन्म त्या बंडानंतर थोड्याच वर्षांतला. ग्रीक वैद्य गेलनच्या नावावर चालत आलेली काळ्या माणसांची निंदा त्यानेही आपल्या ग्रंथात उतरवली, हा त्याचा दोषच. पण झंजांच्या देशाची माहिती द्यायला लागला की त्याची लेखणी बदलते. त्यांचा राजा वक्लीमी न्यायाने राज्य करण्यासाठी निवडलेला असतो. तो अन्यायाने वागला तर प्रजा त्याला ठार करते आणि त्याच्या वंशजांना गादीवर बसू देत नाही. घोडे नाहीत, म्हणून सैन्य बैलांवर स्वार होते. दागिने सोन्याचांदीचे नसून लोखंडाचे. त्यांच्यात असे वक्ते आहेत की जमलेल्या लोकांपुढे उभे राहून पूर्वीच्या राजांची आठवण करून देत देवाची आज्ञा पाळायला सांगतात. बगदादच्या वाचकापुढे गुलामाऐवजी नागरिक उभा करणारे हे लेखन मला फार मोलाचे वाटते.

झंजांच्या जेवणात ज्वारी, केळी, मध, मांस आणि नारळ. हे वाचून आपल्या माणसाला परके वाटणार नाही. ज्वारीचे मूळही आफ्रिकेतच आहे.

चौलशी धागा जुळतो तो हस्तिदंतामुळे. झंज हत्ती मारत, पण दात स्वतः वापरत नसत. ते दात ओमानला जात आणि तिथून हिंदुस्थान नि चीनला. आपल्याकडे त्या दातांच्या खंजिरांच्या मुठी आणि बुद्धिबळाची मोहरी होत. हा माल एवढा इकडे वळला नसता तर मुस्लिम देशांत हस्तिदंताचा सुकाळ असता, असे मसूदी म्हणतो. हा माल सैमुरात उतरताना मसूदीने पाहिलाही असेल.

पुढे आफ्रिकेची माणसे या किनाऱ्यावर राज्यकर्ती झाली. जंजिऱ्याचे सिद्दी संस्थान १९४८ पर्यंत टिकले, आणि बेलापूरच्या खाडीकाठचा पडका किल्लाही सिद्दींनीच बांधलेला. नवी मुंबईत राहून आफ्रिका दूर आहे असे समजणे इतिहासाला धरून नाही.

शेजारच्या रेवदंड्यात रशियन व्यापारी अफनासी निकितिनचा स्मृतिस्तंभ आहे. त्याच्या साडेपाचशे वर्षे आधी आलेल्या मसूदीचा फलक चौलच्या ग्रामस्थांनी आणि पुरातत्त्व खात्याने रामेश्वराच्या वाटेवर लावावा, आणि त्यावर सैमूरबरोबर कनबलूचेही नाव कोरावे.