रंगाखालचं पितळ

आमची इमारत 1986 सालची, कोथरूडमधली. त्या काळी दिवाळीआधी रंगारी आला की दाराबरोबर दाराच्या आल्ड्रॉपवरही ऑइलपेंटचा हात मारून जायचा. कड्या, बिजागऱ्या, खिडक्यांचे आकडे, सगळं चॉकलेटी. पुढे नव्वदच्या दशकात कपाटांना चकचकीत सोनेरी मुठी आल्या. बाथरूममधले क्रोमचे नळ पांढऱ्या क्षारांनी भरले. घराचं काम काढलं तेव्हा हे सगळंच कळाहीन झालेलं होतं.

इंटिरियर करणाऱ्या बाईंनी एका वाक्यात निकाल दिला: सगळं काढून टाका, मॅट ब्लॅक बसवू. मला ते पटेना. वरचा मुलामा जुनाट दिसतो म्हणून आतला धातूही टाकाऊ कसा ठरेल? आधी खाली काय आहे ते तरी बघू, असं म्हणून मी कामाला लागले.

त्यासाठी फ्रिजवरचा लोहचुंबक आणि एक बारीक कानस पुरते. चुंबक घट्ट चिकटला तर आत लोखंड. नाही चिकटला, तर न दिसणाऱ्या बाजूला कानस हलकेच फिरवायची. पिवळं निघालं तर पितळ, राखाडी निघालं तर बहुधा जस्ताचं ओतकाम. सोनेरी मुठी राखाडी निघाल्या. मुलाम्याला फोड आले होते आणि खाली खड्डे पडले होते. त्यांच्यावर पैसा घालण्यात अर्थ नव्हता, त्यांच्या जागी स्टीलच्या साध्या मुठी लावल्या. मुख्य दाराचा आल्ड्रॉप, बिजागऱ्या आणि खिडक्यांचे आकडे मात्र अस्सल पितळ होतं, भरीव आणि जड. तसं वजन आज दुकानात हातात घेतलं तर किंमत ऐकून परत ठेवावं लागतं.

जुना ऑइलपेंट काढताना एक काळजी घ्यायलाच हवी. घरगुती रंगांतलं शिसं 90 पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे 2016 साली झाला आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा पॉलिशपेपर अजिबात मारायचा नाही. ती धूळ घरभर बसते, आणि घरात लहान मूल असेल तर फारच वाईट. मी भंगारात निघालेलं एक पातेलं घेतलं, जे पुन्हा स्वयंपाकघरात येणार नव्हतं. गॅलरीत शेगडी मांडून त्यात पाणी, धुण्याचा सोडा आणि सगळं सामान मंद आचेवर ठेवलं. काही वेळाने कडेने रंग उचलायला लागला. जाड पापुद्रे निघाले. त्यांच्या कडेला थर स्पष्ट दिसत होते: चॉकलेटी, पुन्हा चॉकलेटी, आणि अगदी तळाला शेवाळी हिरवा. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, हा हिरवा आपल्या पहिल्या दिवाळीचा. ह्यांनी हट्टाने आणला होता."

रंग निघाल्यावर पितळ मळकट तपकिरी दिसत होतं. ते घेऊन मी रविवार पेठेत पॉलिशवाल्याकडे गेले. मोटरच्या दोन टोकांना दोन चाकं, एक खरखरीत आणि एक कापडाचं. चाक फिरत असताना त्याला पॉलिशच्या साबणाची वडी टेकवायची आणि मग वस्तू धरायची. धातू इतका तापतो की पॉलिशवाले काका हातात चिंधी धरूनच काम करत होते. चेहरा आणि मनगटं काळी. आल्ड्रॉपची दांडी चाकावरून एकदाच गेली आणि मधोमध एक लखलखीत पिवळा पट्टा उमटला.

"ताई, आरशासारखं करू की सॅटिन?" त्यांनी विचारलं. मी सॅटिन सांगितलं. आरशासारख्या पितळावर बोटांचे ठसे लगेच दिसतात, मंद चमकेवर ते सामावून जातात.

"मग लॅकर मारू?"

इथे मी जरा थांबले. लॅकरने हवा अडते आणि पितळ काळवंडत नाही, हे खरं. पण रोज जिथे हात लागतो तिथे लॅकर आधी झिजतं आणि धातू ठिपक्याठिपक्यांनी काळा पडतो. मग पुसूनही एकसारखा होत नाही, सगळं लॅकर थिनरने काढावं लागतं. म्हणून बिजागऱ्यांना आणि नावाच्या पाटीला लॅकर, आणि आल्ड्रॉप उघडाच. उघड्या पितळाच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. तांब्याच्या मिश्रधातूंच्या पृष्ठभागावर जीवाणू फार काळ तग धरत नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2008 साली त्यांना जीवाणूनाशक म्हणून अधिकृत नोंदणी दिली. लॅकर चढवलं की हा गुण झाकला जातो.

सामान परत बसवताना सुतारकाकांनी जे केलं ते मी मन लावून पाहिलं. पितळी स्क्रू मऊ असतो, सागवानात जोर लावला तर मान तुटते. म्हणून त्यांनी आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडून घेतले, तो काढला, मग पितळी स्क्रूला मेणबत्ती चोळून हाताने बसवला. सगळ्या स्क्रूंच्या खाचा उभ्या एका रेषेत ठेवल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

बाथरूममध्ये मी मॅट ब्लॅकला ठाम नकार दिला. आमच्याकडे बोअरचं पाणी मिसळतं, काळ्यावर त्याचा प्रत्येक थेंब पांढरा उमटतो. नळांवरचे क्षार लिंबूफुलाच्या कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवल्यावर सुटले. मग स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडं पुसायचं. संडासचं अ‍ॅसिड इथे लावू नये, त्याने क्रोम खाल्ला जातो. क्रोमचा थर मुळात मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, गंज थोपवण्याचं खरं काम त्याखालचं निकेल करतं. एका नळाच्या बुडाशी हिरवे ठिपके आले होते, म्हणजे निकेलच्याही आरपार भोकं पडून पितळ उघडं झालं होतं. तो भोसरीत प्लेटिंगवाल्याकडे दिला. जुना थर उतरवायचा, पितळ घासून गुळगुळीत करायचं, मग निकेल, मग क्रोम. "खालचं पॉलिश जितकं चांगलं तितकी वरची चमक," ते म्हणाले. आधी आत नवा वॉशर आणि स्पिंडल बसवून, गळत नाही याची खात्री करूनच प्लेटिंगला दिला होता, कारण गळका नळ चकचकीत करून काय करायचं?

दारावर पितळ, कपाटांना स्टील, न्हाणीघरात क्रोम. सगळा धातू एका रंगाचा हवा हा आग्रह मला कधी कळला नाही. आल्ड्रॉपवर आता बोटं लागतात तिथे उजळ आणि बाकी मधासारखा रंग चढतोय. सासूबाई दर गुरुवारी पितांबरी घेऊन तो घासायला निघतात, आणि मी त्यांना अडवत नाही. तळमजल्यावरच्या काकू परवा आपली कडी घेऊन चुंबक मागायला आल्या होत्या. त्यांचीही पितळीच निघाली.