गळ न ओढता

अमेरिकेत बास नावाचा मासा धरण्याचे लोकांना मोठे वेड आहे. आपल्याकडच्या मरळीसारखाच तो दबा धरून बसणारा. पाणवनस्पतीत, बुडालेल्या लाकडाच्या आडोशाला थांबतो आणि समोरून काही गेले की झडप घालतो. जबडा एवढा मोठा की डोळ्याच्याही मागे जातो.

2019 च्या डिसेंबरात मी मुलाकडे टेक्सासला गेलो होतो. तेथील राज्य उद्यानांत काठावरून गळ टाकायला परवाना लागत नाही, म्हणून एका रविवारी टायलरच्या उद्यानातील तळ्यावर गेलो. गळाला काय, तर प्लॅस्टिकचे गांडूळ! निक क्रीम नावाच्या माणसाने 1949 साली ओहायोत ते घरच्या घरी बनवले. पुढे त्याचा कारखाना याच टायलर गावी आला.

मुलगा म्हणाला, "बाबा, टाकायचे आणि हळूहळू रीळ फिरवत राहायचे." दोन तास फिरवले. काही नाही.

सोबत पाच वर्षांची नात. तिला मराठी येत नाही, मला तिचे इंग्रजी झेपत नाही. पंधरा दिवस आम्ही एकमेकांकडे बघून नुसते हसत होतो. तिच्या बुटाची नाडी सुटली. गळ नुकताच पाण्यात पडला होता. दांडी गुडघ्याखाली दाबून मी नाडी बांधली आणि वर पाहतो तर तंगूस आपोआप बाजूला सरकतोय! ओढले, तर दीडेक किलोचा बास.

थंडीत पाणी गार झाले की माशाचे अंगही गार पडते. तो पाठलाग करीत नाही, पण सावकाश बुडून तोंडापुढे निपचित पडलेले गांडूळ त्याला सोडवत नाही. तेथील जाणकार ही युक्ती मुद्दाम वापरतात. गिरणीत तीस वर्षे मी हात थांबू दिला नाही. थांबून काम होते हे मला नवेच होते.

मग किती थांबायचे? मी मोठ्याने मोजू लागलो. एक, दोन, तीन. नात माझ्यामागून म्हणू लागली. तीस झाले की दांडीला जरासा हिसका, पुन्हा एकपासून. एकोणीसला मात्र दर वेळी अडायची. खरे तर आपला हा आकडा आहेच विचित्र!

संध्याकाळपर्यंत तीन मासे लागले, तिन्ही परत पाण्यात सोडले. नागपूरला फोन केला तर घरातून पहिला प्रश्न, "सोडले कशाला?" उत्तर द्यायच्या आत नातीने फोन ओढून घेतला आणि आजीला एक ते तीस म्हणून दाखवले. एकोणीस गाळून.