पाकिटावरची बारीक अक्षरे

आमच्या धाकट्या मुलाला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असे नव्हे. दाणा पोटात गेला की अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास कोंडतो. डॉक्टरांनी याला ॲलर्जी म्हटले आणि शेंगदाणा घरात आणूच नका, असे बजावले. तेव्हापासून आमच्या भाजीत कूट नाही, खिचडीत दाणे नाहीत. त्याची सवय झाली. खरी अडचण बाहेरच्या खाऊची.

कोपऱ्यावरच्या दुकानातल्या सुट्या फरसाणावर काहीच लिहिलेले नसते. दुकानदार भला माणूस. पण सगळ्या बरण्यांत त्याचा एकच हात फिरतो. म्हणून आम्ही पाकीटबंद माल घेऊ लागलो. कामावरून यायला रात्र होते, तेव्हा थोरली मुलगी तो मोबाईलवरून मागवते.

एकदा राजगिऱ्याचे लाडू मागवले. मोबाईलवर पाकिटाची फक्त पुढची बाजू दिसत होती आणि खाली राजगिरा व गूळ एवढेच लिहिले होते. पाकीट घरी आल्यावर मुलीने मागची बारीक अक्षरे वाचली, तर त्यांत शेंगदाणा! लाडू पोराच्या हाती गेले नाहीत. विक्रेत्याने मात्र खाण्याची वस्तू परत घेत नाही म्हणून हात वर केले. पोटाला चिमटा घेऊन दिलेले पैसे गेले.

याबाबत कायदा काय म्हणतो, ते आम्ही समजून घेतले. 2020 च्या अन्न लेबल नियमांप्रमाणे पाकिटावर आठ प्रकारची ॲलर्जीकारक द्रव्ये वेगळी सांगावी लागतात : ग्लुटेन असलेली गव्हासारखी धान्ये, कोळंबी-खेकडे, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदामासारखा सुका मेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट. मोबाईलवरून विकतानाही लेबलावरची आवश्यक माहिती गिऱ्हाईकाला आधी दाखवली पाहिजे. म्हणजे मागची बाजू मागणे हा आपला हक्क आहे, कोणाचे उपकार नव्हेत.

पण या यादीत तीळ नाही, मोहरीही नाही. ज्यांना त्यांची ॲलर्जी आहे त्यांनी घटकांची पूर्ण यादी वाचावी, आणि नुसते ‘मसाले’ लिहिले असेल तर कंपनीला विचारावे. तेलालाही ॲलर्जीच्या वेगळ्या सूचनेतून सूट आहे. म्हणून तेल कशाचे, ते घटकांत पाहावे. घाण्याच्या शेंगदाणा तेलात दाण्याचा अंश राहू शकतो.

दुसरी अडचण भाषेची. लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असले की कायद्याचे काम भागते. मराठीची सक्ती नाही. म्हणून आम्ही घरातल्या सगळ्यांना तीन शब्द पाठ करून दिले : पीनट, ग्राउंडनट, मूंगफली. आजीला इंग्रजी वाचता येत नाही, पण एका कागदावर मोठ्या अक्षरांत हे शब्द लिहून चुलीजवळ लावले आहेत. ती पाकिटावरची अक्षरे कागदाशी ताडून पाहते. ‘मे कंटेन’ म्हणजे ‘असू शकतो’. तेही आम्ही ‘आहे’ असेच धरतो.

माता-भगिनींनो, मोबाईलवरचे चित्र जुने असू शकते आणि कंपनी घटक बदलू शकते. म्हणून नेहमीचीच वस्तू असली तरी नवे पाकीट फोडण्यापूर्वी पुन्हा वाचा. मागची बाजू दिसत नसेल तर ती वस्तू मागवू नका. फसवणूक झाली तर दोन्ही बाजूंचे फोटो ठेवा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करा. चुकून खाल्ले गेले आणि श्वास लागला, तर घरगुती उपायात वेळ न घालवता 108 ला फोन लावा.

आणि शेजारच्या लेकराला मायेने घास भरवण्याआधी त्याच्या आईला एक शब्द विचारा. त्याने माया कमी होत नाही.